पॅन्टचे उर्वरित मूल्य

४ मार्च, मंगळवार

आज सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी, आमच्या इमारतीच्या जिन्याच्या पायथ्याशी, तळमजल्यावरील बाईंच्या कुत्र्याने माझा चावा घेतला. चाव्याचे स्थान: बैठकीचा डावा भाग. याहून नेमका शब्द मराठीत आहे. परंतु तो मी लिहिणार नाही.

दैनंदिनी लिहिण्याची मला सवय नाही. तथापि बाईंनी आपल्या कुत्र्याचा विमा उतरवला आहे. तो कोणास चावल्यास भरपाई कंपनी देते. कंपनीच्या ‘दावेदारांसाठी मार्गदर्शिका’ या पुस्तिकेत पृष्ठ सहावर असे म्हटले आहे की, जखमी व्यक्तीने वेदना व गैरसोय यांची रोज नोंद ठेवावी. म्हणून ही वही. ती पत्नीच्या कपाटात मिळाली. पहिल्या पानावर तिच्या हातची यादी आहे: साबण, बटणे, काळा दोरा. ते पान फाडले नाही. दुसऱ्या पानापासून आरंभ केला आहे. वही खासगी आहे. कंपनीस हवा तेवढा भाग नक्कल करून देईन.

वेदना: दहापैकी सहा. गैरसोय: बसता येत नाही. ही नोंद फ्रिजवर वही ठेवून उभ्याने करीत आहे.

घटना अशी. एरवीपेक्षा लवकर आंघोळ उरकून मी किराणा आणण्यास निघालो होतो. माझ्या पिशवीचा बंद तुटल्यामुळे पत्नीची पिशवी घेतली. ऑगस्ट महिन्यात ती गेली, तेव्हापासून ती पिशवी स्वयंपाकघराच्या दारामागील खिळ्यावरच होती. पायथ्याशी कुत्रा पडलेला होता. गेल्या सहा वर्षांत त्याने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलेले नाही, आणि मीही त्याच्याकडे नाही. आमचे संबंध अशा प्रकारे उत्तम होते. आज मात्र तो ताडकन उठला. त्याने एक आवाज काढला. तो भुंकण्याचा नव्हता. (‘भुंकणारे कुत्रे चावत नाही’ ही म्हण येथे बाधित होत नाही, हे नमूद करतो.) तो धावत येताच मी पिशवी पाठीमागे धरली. परिणाम वर दिलाच आहे.

बाई शिट्टी फुंकीत बाहेर आल्या. त्या शाळेत कवायत शिकवीत असत. त्या निवृत्त होऊन नऊ वर्षे झाली. शिट्टी अद्याप सेवेत आहे.

“अगं बाई! भाऊ, लागलं का हो?”

“लागणे हा शब्द अपुरा आहे, बाई.”

“आधी बसा. बसा बघू!”

“तेवढेच शक्य नाही.”

दवाखान्यातील परिचारिकेने इंजेक्शन दिले. म्हणाली, “पॅन्ट ढगळ होती म्हणून निभावलं, काका. अर्धा चावा कापडानंच खाल्ला.” पॅन्ट मागून चौदा सेंटिमीटर फाटली आहे. काळी पॅन्ट. पत्नीने शिवलेली.


५ मार्च, बुधवार

वेदना: पाच.

दाव्याचा अर्ज भरावयास घेतला. एकूण एकतीस प्रश्न. प्रश्न नऊ: हल्ल्याचे स्वरूप. उत्तर: अकारण. प्रश्न चौदा: घटनेच्या वेळी जखमी व्यक्तीजवळ खाद्यपदार्थ होते काय? उत्तर: नाही. प्रश्न पंधरा: जखमेचे छायाचित्र जोडावे.

पंधराव्या प्रश्नास मी हरकत घेतली आहे. त्याऐवजी आकृती जोडली. शयनगृहातील आरसा, मुलीचा लहान आरसा व माझा व्हर्नियर कॅलिपर यांच्या साहाय्याने दात लागल्याच्या खुणांमधील अंतरे घेतली. यास दोन तास लागले. मानेत उसण भरली. मानेची वेदना: सात. ही दाव्यात धरता येईल काय, हे पाहावे लागेल.

गाडे अडले ते सतराव्या प्रश्नाशी: ‘जनावराचे वजन (अंदाजे)’. मी चौतीस वर्षे वजनमापे निरीक्षक होतो. माझ्या सहीच्या वर ‘अंदाजे’ हा शब्द आजवर उमटलेला नाही.

संध्याकाळी मुलीचा फोन आला.

“बाबा, वीस किलो लिहा आणि टाका पाठवून.”

“वीस कशावरून?”

“कुत्र्यावरून!”

“अग, उद्या कोणी पडताळले तर?”

“कोण येणारे कुत्रा पडताळायला? बाबा, जेवलात का?”

विषयांतर झाल्यामुळे फोन ठेवला.


७ मार्च, शुक्रवार

वेदना: चार. कुत्र्याचे वजन घेतले. सविस्तर लिहितो, कारण काही बाबी अनाकलनीय आहेत.

कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याकडे प्लॅटफॉर्म काटा आहे. मला पाहताच तो गल्ला सोडून उठला. पूर्वी एकदा मी त्याचा काटा जप्त केला होता. चोराच्या मनात चांदणे.

“साहेब! तुम्ही रिटायर झालात ना हो?”

“झालो.”

“मग पुन्हा कशाला? काट्यावर शिक्का आहे. हा बघा. हा पण बघा.”

“मला फक्त एक कुत्रा मोजायचा आहे.”

“मोजा की! कुत्रा मोजा, घोडा मोजा. तुमचाच काटा समजा.”

कुत्रा काट्यावर चढेना. तो काट्याचा वास घेई आणि मागे सरे. भंगारवाल्याने चुचकारले, कागद दाखवला, शेवटी स्वतः काट्यावर चढून खाली उतरून दाखवले. कुत्र्याने हे सर्व परीक्षकाच्या मुद्रेने पाहिले. बाईंनी शिट्टी वाजवली. रस्ता ओलांडणारी दोन माणसे जागच्या जागी थांबली; कुत्रा हलला नाही. मग बाई खड्या आवाजात ओरडल्या, “निरीक्षक! चढ वर!”

मी चढलो. चौतीस वर्षांची सवय.

माझ्यामागोमाग कुत्राही चढला आणि माझ्या पावलावर बसला. त्याचे नाव निरीक्षक आहे, हे मला तेव्हा कळले.

“नाव शेरू होतं हो,” बाई म्हणाल्या. “निरीक्षक वहिनींनी ठेवलं. म्हणायच्या, प्रत्येक गोष्टीला नाक लावतो आणि पसंत काही पडत नाही. आता दुसऱ्या नावाला ओच देत नाही मेला.”

पत्नीने कुत्र्यास माझ्याच खात्यातील हुद्दा का द्यावा, हे समजत नाही. खात्यात इतर अनेक पदे होती. शिवाय तिला कुत्री आवडत नसत. निदान तसे तिने कधी सांगितले नव्हते.

कुत्रा माझ्या पावलावरून उठेना, म्हणून दोघांचे एकत्रित वजन घेतले: ८३ किलो ६०० ग्रॅम. नंतर बाईंनी त्याला ओढून घेतल्यावर माझे एकट्याचे: ६० किलो २०० ग्रॅम. वजाबाकी करून कुत्रा: २३ किलो ४०० ग्रॅम. सतराव्या प्रश्नातील ‘अंदाजे’ हा शब्द खोडून तो आकडा लिहिला.

परंतु माझे वजन ६० किलो नाही. गेल्या जुलैमध्ये, पत्नी रुग्णालयात असताना, तेथील काट्याची खात्री करून घ्यावी म्हणून मी त्यावर उभा राहिलो होतो. तेव्हा ते बरोबर ७१ होते. भंगारवाला जात्याच लबाड, असे मनाशी म्हणून मी घरी गेलो आणि माझी पाच-पाच किलोंची चार प्रमाण वजने दोन फेऱ्यांत आणली. काट्याने बरोबर वीस दाखवले. पुन्हा ठेवली. पुन्हा वीस.

“काय साहेब? निघालं ना सोनं?” भंगारवाला म्हणाला.

काटा निर्दोष आहे. मग दहा किलो आठशे ग्रॅम गेले कोठे, याचा उलगडा होत नाही.

बाई म्हणाल्या, “याचंही तसंच आहे, भाऊ. गेल्या वर्षीच्या लसीच्या कार्डावर सत्तावीस लिहिलंय. ऑगस्टपासून धड खातच नाही.”

“मीही ऑगस्टपासूनच,” मी म्हणालो. “म्हणजे पाण्यात काहीतरी दोष असावा. नगरपालिकेस लिहिले पाहिजे.”

बाई माझ्याकडे पाहतच राहिल्या. मग म्हणाल्या, “लिहा हो, लिहा,” आणि चार वजनांपैकी दोन आपणहून उचलून घरापर्यंत आल्या.


१२ मार्च, बुधवार

वेदना: दोन. संताप: कोष्टकात रकाना नाही.

कंपनीचे प्राथमिक पत्र आले. औषधोपचार मंजूर. जखम मंजूर. (आकृतीबद्दल आभार मानले आहेत.) पुढे असे: ‘पॅन्ट, काळी, एक. वय नऊ वर्षे. घसारा शंभर टक्के. उर्वरित मूल्य: शून्य.’

शून्य!

मी शून्याचा अनादर करीत नाही. तपासणीस गेल्यावर प्रथम काटा शून्यावर आहे की नाही हेच पाहिले जाते. परंतु शून्य याचा अर्थ पारड्यात काही नाही. या पारड्यात पॅन्ट आहे. ती मी पाहू शकतो. खुर्चीच्या पाठीवर टाकलेली आहे.

चार पानी उत्तर लिहिले. मागणी एकच: शून्याखेरीज कोणताही अंक.


१३ मार्च, गुरुवार

मुलगी: “बाबा, देतायत तेवढं घ्या आणि मोकळे व्हा.”

मी: “प्रश्न पैशांचा नाही.”

मुलगी: “मग कशाचा आहे?”

मी: “अंकाचा.”

मग तिने विचारले, “कुठली पॅन्ट? ती काळी? आईनं शिवलेली?” मी होय म्हटले. त्यानंतर तिने तडजोडीचा आग्रह धरला नाही. ते का, हे कळले नाही. नंतर पुन्हा जेवणाविषयी विचारले.


१९ मार्च, बुधवार

वेदना: एक. बसता येते.

बाई आल्या. येताना शिट्टी गळ्यात नव्हती; त्यामुळे प्रथम ओळखले नाही. खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या.

“भाऊ, सोमवारी कंपनीचा सर्व्हेअर येणार आहे. तुम्हाला एक सांगायचं होतं. सांगू की नको, असं चाललंय दोन दिवस.”

“सांगा.”

“हल्ला अकारण ठरला की माझी पॉलिसी रद्द होते. आणि घरमालकांचा नियम तुम्हाला ठाऊकच आहे. विमा नाही तर कुत्रा नाही.”

नियम मला ठाऊक होता. मसुदा मीच तपासून दिला होता.

“मग त्याचे काय होईल?”

“भावाकडे पाठवीन. त्याचं गोदाम आहे गावाबाहेर. राखणीला ठेवील. साखळीला.” त्या उठल्या. “तुम्ही खरं तेच सांगा हं, भाऊ. माझ्यासाठी म्हणून काही फिरवू नका. तुमचंही नुकसान झालंच आहे की.”

नियम तो नियम, असे मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. जिन्यावरून त्या उतरत असता पायथ्याशी शेपटी फरशीवर आपटल्याचा आवाज आला, एकदाच.

पुन्हा लिहितो, वेदना: तीन. स्थान निश्चित करता येत नाही. बैठकीच्या भागी नाही.


२४ मार्च, सोमवार

सर्व्हेअर आले. वय पन्नाशीचे, टाय, जाडजूड फाईल. दारातूनच विचारले, “बांधलाय ना?”

“मी?”

“कुत्रा हो!” आत येऊन त्यांनी घाम पुसला. “सोळा वर्षं झाली साहेब या लाइनीत. मला आग द्या, पूर द्या, उलटलेला ट्रक द्या. पण कुत्र्याची फाईल आली की मी रजेचा अर्ज शोधू लागतो.”

प्रथम पॅन्ट दाखवली. त्यांनी ती उजेडाकडे धरली.

“चांगली चौदा सेंटिमीटर गेलीय. पण साहेब, नऊ वर्षं म्हणजे... आमच्या तक्त्यात कापडाला पाचच वर्षं आहेत.”

मी त्यांना कंबरेच्या आतील बाजू पाहण्यास सांगितले. तेथे तीन शिलाया आहेत. पहिली मूळ. दुसरी सोळा मिलिमीटर बाहेर: मुलीच्या लग्नाच्या वर्षी. तिसरी बावीस मिलिमीटर बाहेर: मी निवृत्त झालो तेव्हा. प्रत्येक वेळी पत्नीने कंबर सैल करून दिली.

“म्हणजे जादा कापड आधीपासून आत होतं?”

“शिवतानाच ठेवले होते. ‘तुम्ही वाढणार, मला ठाऊक आहे,’ असे म्हणाली होती.”

सर्व्हेअरनी माझ्याकडे पाहिले, मग पॅन्टकडे. “पण आता तर ही तुम्हाला चार बोटं सैल होईल, साहेब.”

“होय. आत घेण्याची सोय तिने ठेवलेली नाही. तशी वेळ येईल, असे तिला वाटले नसावे.”

त्यांनी फाईलमधील एक पान बराच वेळ वाचले. ते कोरे होते.

नंतर घटनेचे प्रात्यक्षिक. नियमानुसार तीच जागा, तीच वेळ, त्याच वस्तू. फरशीवर मी खडूने खुणा करून ठेवल्याच होत्या: फुली म्हणजे मी, गोल म्हणजे कुत्रा, बाण म्हणजे कुत्र्याचा मार्ग. नऊ वाजून अठरा मिनिटांनी मी पत्नीची पिशवी घेऊन खुणेवर उभा राहिलो. सर्व्हेअर जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभे होते. मग पाचवीवर गेले. मग म्हणाले, “इथून सगळं नीट दिसतंय,” आणि डोळे मिटून घेतले.

“सोडू?” बाईंनी विचारले.

“सोडा,” सर्व्हेअर म्हणाले. “नाही, थांबा. हं. सोडा!”

कुत्रा आला. त्याने तोच आवाज काढला. आज मी तो लक्षपूर्वक ऐकला. तो मोजण्याचे परिमाण माझ्याजवळ नाही. मी ठरल्याप्रमाणे पिशवी पाठीमागे धरली. बैठकीचा भाग आपोआप आक्रसला. परंतु चावा आला नाही. कुत्रा वळसा घालून मागे गेला आणि त्याने अख्खे डोके पिशवीत घातले. आणि तसाच राहिला. पिशवी त्याच्या श्वासाबरोबर फुगत होती आणि बसत होती.

“चावला का?” डोळे मिटूनच सर्व्हेअरनी विचारले.

“नाही. तो पिशवीत आहे.”

“पिशवीत?” त्यांनी एक डोळा उघडला. “काय आहे त्या पिशवीत?”

“काही नाही. रिकामी आहे.”

“बघितलीत आत?”

“दुसऱ्याच्या पिशवीत मी हात घालत नाही.”

“अहो, बायकोची ना पण?”

“पत्नी ही दुसरी व्यक्तीच असते. छत्तीस वर्षांत मी तिच्या पिशवीत हात घातलेला नाही.”

सर्व्हेअर पाचव्या पायरीवरून सरळ खाली उतरून कुत्र्याशेजारी उभे राहिले. आपण काय केले हे त्यांच्या ध्यानात आले नाही. मीही ते आणून दिले नाही. “साहेब,” ते म्हणाले, “त्यानं डोकं घातलंय. तुम्ही निदान हात तरी घाला.”

मी परवानगी मागितली. कोणाकडे, ते सांगता येत नाही. मग हात घातला. पिशवीला आतून एक कप्पा होता, टिचबटण लावलेला. कप्प्यात बिस्किटांचा अर्धा पुडा निघाला. तोंड दुमडून त्यावर रबर दोनदा गुंडाळलेले होते. घरातील प्रत्येक पुडा ती तसाच बंद करीत असे. एकदा गुंडाळलेले रबर निसटते, असे तिचे म्हणणे होते.

कुत्रा पुड्याकडे पाहत होता; खाण्याच्या दृष्टीने नव्हे. पुड्याकडे, मग जिन्याच्या वरच्या टोकाकडे.

“बाई,” मी म्हणालो, “हे काय आहे?”

बाईंनी शिट्टी मुठीत धरली. “वहिनी रोज नऊ-वीसला खाली यायच्या, भाऊ. दोन बिस्किटं द्यायच्या त्याला. सहा वर्षं. एक दिवस चुकला नाही.”

“मला कसे ठाऊक नाही?”

“तुम्ही तेव्हा आंघोळीला असायचात. त्यांनीच बजावलं होतं, ह्यांना सांगू नका म्हणून.”

“का?”

“म्हणायच्या, हे लेखी तक्रार करतील.”

मी केली असती. किंबहुना केली होती. ‘जिन्यात जनावरांस खाऊ घालू नये’ हे परिपत्रक मीच टंकलिखित करून सर्व बिऱ्हाडांकडून सह्या घेतल्या होत्या. पहिली सही तिची होती.

“आणि आता?” मी विचारले.

“आता काय, रोज त्या वेळेला इथं येऊन बसतो. ऑगस्टपासून. तुम्हाला काय वाटलं, कशाला बसतो?”

गार फरशी आवडत असावी, असे मला वाटले होते.

सर्व्हेअरनी मला बाजूस घेतले. “साहेब, प्रश्न चौदा. खाद्यपदार्थ होते काय. तुम्ही ‘नाही’ लिहिलंय. आता हे बघा, बिस्किटं होती म्हटलं की हल्ला सकारण ठरतो आणि दावा साफ झोपतो. पण मी काही पाहिलेलंच नाही. माझे डोळे मिटलेले होते, या बाई साक्षीला आहेत. तुम्ही गप्प राहा. पॅन्टचं म्हणाल तर वरती बोलून दहा टक्के मूल्य काढून देतो. लेखी. शून्य गेलंच म्हणून समजा.”

दहा. मला तर शून्याखेरीज कोणताही अंक चालणार होता.

मी एका दिवसाची मुदत मागितली.


२५ मार्च, मंगळवार

कंपनीस पाठवलेल्या पत्राची नक्कल:

‘महोदय, माझ्या अर्जातील प्रश्न चौदाचे उत्तर असत्य आहे. ते अजाणता दिले गेले, तथापि सही माझी आहे. योग्य उत्तर: होय. बिस्किटे, नग सात. तसेच प्रश्न नऊमधील “अकारण” हा शब्द रद्द समजावा. कारण होते. सदर जनावर सात महिने एका ठरावीक वेळी, ठरावीक जागी वाट पाहत होते. सात महिन्यांनी पिशवी आली, आणि मी ती पाठीमागे लपवली. अशा परिस्थितीत कोणीही चावले असते. आपला विश्वासू.’

मुलीला वाचून दाखवले.

“बाबा, दावा गेला हं तुमचा.”

“होय.”

“आणि आकडा?”

“तोही.”

ती म्हणाली, “मला माहीत होतं, बाबा. बिस्किटांचं. लग्नाआधी आईला बरं नसेल तेव्हा मीच द्यायला जायची.”

या घरात परिपत्रक पाळणारा मी एकटाच होतो, असे दिसते.

“मला कोणी का सांगितले नाही?”

“सांगितलं असतं तर मजा गेली असती ना,” ती म्हणाली, आणि हसू लागली, आणि मग तो आवाज हसण्यासारखा राहिला नाही. मी फोन कानाशीच धरून ठेवला. विषयांतर होऊनही ठेवून दिला नाही.

वेदना: नोंद केली नाही.


२ एप्रिल, बुधवार

नऊ वाजून वीस मिनिटांनी खाली गेलो. प्रयोगादाखल. जुना पुडा आठ महिन्यांचा असल्यामुळे दिला नाही. रबर पुन्हा दोनदा गुंडाळून कप्प्यात ठेवला. नवा आणला. कुत्र्याने दोन बिस्किटे खाल्ली. मला कोणी विचारले नव्हते, तरी मीही दोन खाल्ली.

आंघोळीची वेळ पुढे ढकलली आहे.


८ एप्रिल, मंगळवार

सुधारित परिपत्रक सूचनाफलकावर लावले: ‘जिन्यात जनावरांस खाऊ घालू नये; परंतु सकाळी ९.२० ते ९.२५ या वेळात, प्रति जनावर दोन बिस्किटे या मर्यादेत, हा नियम लागू असणार नाही.’ बाईंनी वाचून एक लांब शिट्टी वाजवली. तिसऱ्या मजल्यावरील लोक आग लागली म्हणून खाली आले.

पहिल्या पानावरील यादीतील काळा दोरा आणला. यादीत त्यापुढे खूण केली. पॅन्ट स्वतः शिवली. टाके समान अंतरावर, प्रत्येकी चार मिलिमीटर, पट्टीने तपासले. तरीही शिवण वाकडी आली. सुई सहा वेळा बोटात गेली. विमा नाही.


१४ एप्रिल, सोमवार

कंपनीचे अंतिम पत्र. हल्ला सकारण. दावा नामंजूर. बाईंची पॉलिसी चालू.

सोबत सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत होती. पॅन्टच्या रकान्यात ‘शून्य’ हा शब्द एका रेघेने खोडला आहे. खोडाखोडीशेजारी रीतसर आद्याक्षरे व तारीखही आहे, जशी असावयास हवी. वर शाईने लिहिले आहे: ‘उर्वरित मूल्य: ठरवता आले नाही.’

हे तीन वेळा वाचले. मोजमाप अचूक आहे. मला हरकत नाही.


२६ एप्रिल, शनिवार

मार्गदर्शिकेप्रमाणे दावा निकाली निघाल्यावर नोंद ठेवण्याची आवश्यकता नाही. तरीही वहीत पाने शिल्लक आहेत.

सकाळी निरीक्षक, बाई व मी भंगारवाल्याकडे गेलो. ती पॅन्ट घातली होती. निरीक्षकाने मागून शिवणीचा वास घेतला. पसंत पडली असे वाटले नाही.

“या साहेब! आज काय जप्त करता?”

“वजन घ्यायचे आहे.”

“कुणाचं?”

बाईंनी ‘निरीक्षक, चढ!’ असे म्हटले. मी चढलो, तोही चढला आणि माझ्या पावलावर बसला. ८६ किलो ८०० ग्रॅम. भंगारवाला डोळे बारीक करून काट्याकडे पाहू लागला.

“तीन किलो दोनशे वाढलं की हो! कुणाचं वाढलं पण? तुमचं का त्याचं? उतरा साहेब, एकट्याचं बघू. मग वजाबाकी करून टाका.”

निरीक्षकाने पावलावरचा भार जरा सरकवला आणि हनुवटी माझ्या बुटावर टेकली.

“राहू द्या,” मी म्हणालो.